मुखकर्करोगाचा माग काढणारे डॉ. खानोलकर

भारतातील कर्करोग संशोधनाचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याचा आरंभ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यापासूनच करावा लागतो. भारतीय विकृतिशास्त्राचे, म्हणजेच पॅथॉलॉजीचे, जनक म्हणून वैद्यकविश्व त्यांना ओळखते. शल्यविशारदाचे नाव रुग्णाच्या घरात वर्षानुवर्षे कृतज्ञतेने घेतले जाते. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या डॉक्टरचा चेहरा मात्र रुग्णाने बहुधा पाहिलेलाही नसतो. तरीही गालाच्या आत उमटलेला चट्टा साधा आहे की कर्करोगाचा, मानेतून काढलेली गाठ निर्दोष आहे की तिच्यात रोग शिरला आहे, याचा निवाडा तोच देत असतो. खानोलकरांनी सुमारे पाच दशके हे काम केले आणि ते करता करता या देशात तोंडाचा कर्करोग इतका का आढळतो, या प्रश्नाचा पाया घातला.

त्या प्रश्नाला जोडूनच आणखी एक प्रश्न येतो. तोंडातला कर्करोग अगदी लहान आहे, मानेत एकही गाठ हाताला लागत नाही. अशा वेळी जीभ किंवा गालाबरोबर मानेवरही शस्त्रक्रिया करावी, की गाठ दिसेपर्यंत थांबावे? या दुविधेने जगभरच्या शल्यविशारदांना जवळपास शंभर वर्षे सतावले. तिचे सर्वांत भक्कम उत्तर २०१५ मध्ये मिळाले, तेही परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून. याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा आरंभीच्या काळात खानोलकरांनी वाहिली होती. ते शल्यविशारद नव्हते आणि हे उत्तर पाहायला हयातही नव्हते. पण ज्या वाटेने ते उत्तर सापडले, ती वाट त्यांच्या पिढीने आखून दिलेली होती.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतील एम.डी. ही पदवी त्यांनी मिळविली. त्या काळी विलायतेहून परतलेल्या डॉक्टरपुढे खासगी व्यवसायाचा राजमार्ग मोकळा असे. पैसा, प्रतिष्ठा आणि मोटार, तिन्ही गोष्टी त्या मार्गावर होत्या. खानोलकरांनी मात्र अध्यापन आणि प्रयोगशाळा पत्करली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकविले. १९२६ मध्ये के.ई.एम. रुग्णालयासह सुरू झालेले हे दुसरे महाविद्यालय भारतीय डॉक्टरांनी भारतीय विद्यार्थ्यांना शिकवावे या जिद्दीतून उभे राहिले होते. तेथे घडलेल्या विद्यार्थ्यांना मृत्यूचे कारण तर्काने ठरवायचे नसते, शवविच्छेदनाने आणि काचपट्टीवरच्या पुराव्याने ठरवायचे असते, ही शिस्त विकृतिशास्त्राच्या वर्गात मिळत असे.

पुढे परळमध्येच त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्यांच्या स्मृतीतून आणि दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. प्रयोगशाळांचे संचालक म्हणून खानोलकर तेथे रुजू झाले. कर्करोग हा श्रीमंत पाश्चात्त्य देशांचा रोग असून भारतात तो क्वचितच आढळतो, असा समज तेव्हा वैद्यकीय वर्तुळातही रूढ होता. रुग्णालयाच्या दारापाशी लागलेली रांग वेगळेच सांगत होती. पण रांग म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा उभा करायचा तर प्रत्येक रुग्णाची नोंद हवी, प्रत्येक निदानामागे सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी हवी.

खानोलकरांनी ते काम हाती घेतले. मुंबईत आढळलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये कॅन्सर रिसर्च या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. यातला सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या म्हणण्याला पोषक असे रुग्ण वेचून घ्यायचे नाहीत. दारात आलेला प्रत्येक रुग्ण हिशेबात धरायचा, हा त्यामागचा दंडक. महायुद्धाच्या धामधुमीत, साधनांची टंचाई असताना भारतातल्या एका प्रयोगशाळेने एवढा मोठा आढावा जगापुढे ठेवावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पुढच्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध मांडला. कमरेला धोतराची गाठ घट्ट आवळल्याने वर्षानुवर्षे घासल्या जाणाऱ्या त्वचेवर होणारा कर्करोग, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा कर्करोग आणि ओठाआड खैनी ठेवणाऱ्यांना नेमका त्याच जागी होणारा कर्करोग, असे प्रकार त्यांनी नोंदविले. वरकरणी ही विचित्र उदाहरणांची जंत्री वाटेल. पण तिच्यातून निघणारे अनुमान दूरगामी होते. शरीराच्या ज्या जागी त्रास पोचतो त्याच जागी रोग उगवतो, तेव्हा तो दैवाने किंवा रक्तातून आलेला नाही. तो सवयीतून आलेला आहे. आणि जो सवयीतून येतो तो टाळताही येतो.

१९५५ मध्ये डॉ. एल. डी. संघवी आणि के. सी. राव यांच्यासह त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या विचाराला आकड्यांचे बळ दिले. तोंड, घसा आणि अन्ननलिकेचा कर्करोग झालेले रुग्ण आणि तो न झालेले लोक यांच्या तंबाखू चघळण्याच्या व ओढण्याच्या सवयींची तुलना त्यांनी केली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या नात्यावर इंग्लंड-अमेरिकेत वादळ उठले होते, तो हा काळ. चघळण्याच्या तंबाखूचा प्रश्न मात्र पूर्वेकडचा होता आणि तो पूर्वेकडच्याच संशोधकांनी मांडणे भाग होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विड्याला कर्करोगकारक ठरविले ते १९८५ मध्ये; तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा २००४ मध्ये आला.

खानोलकरांचे कुतूहल एका रोगापुरते मर्यादित नव्हते. कुष्ठरोगाच्या अगदी प्रारंभीच्या चट्ट्यांत ऊतींमध्ये काय बदल होतात, याचा त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला. संघवींसह मुंबईतील निरनिराळ्या जातिसमूहांतील रक्तगट आणि आनुवंशिक लक्षणांची पाहणी केली. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि त्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले. कमल रणदिवे यांच्यासारख्या जीवशास्त्रज्ञ त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या आणि त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारून पुढे स्वतःचा ठसा उमटविला. भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. अणुकिरणांच्या मानवी शरीरावरील परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्यांना पद्मभूषण मिळाले, पुढे राष्ट्रीय प्राध्यापकपदाचा मान मिळाला आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. दरम्यान १९६२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था यांचे मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. रुग्णाची खाट आणि संशोधकाचे टेबल एकाच छताखाली असावे, ही कल्पना त्यामुळे संस्थेच्या रचनेतच रुजली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय असलेला हा रोग मानेत कसा उतरतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. जिभेच्या किंवा गालाच्या कर्करोगातील पेशी सुट्या होऊन लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्यांतून वाहत जातात आणि जबड्याखालच्या व मानेच्या लसिका ग्रंथींत अडकतात. तेथे त्या वाढू लागल्या की ग्रंथी टणक होते आणि बोटाला लागते. पण बोटाला लागण्यापूर्वी काही महिने रोग तेथे दडलेला असू शकतो. मानेत काहीच जाणवत नसलेल्या, लहान आकाराच्या मुखकर्करोगाच्या रुग्णांपैकी साधारण वीस ते तीस टक्के जणांच्या ग्रंथींत असा लपलेला रोग सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय या तपासण्याही त्यातला काही भाग हुकवतात.

अमेरिकेतील शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडून मानेतील ग्रंथी एकसंध काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. रोग आटोक्यात येई, पण त्यासोबत मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांदा उचलणारी नसही जाई. खांदा कायमचा लोंबू लागे. म्हणूनच गाठ नसताना एवढी मोठी किंमत का मोजायची, असा सवाल एका पक्षाने केला. दहांतल्या सात जणांच्या मानेत रोग नसतोच. त्यांच्यावर विनाकारण सुरी का चालवायची? रुग्णाला नियमित तपासत राहू, गाठ दिसताच शस्त्रक्रिया करू, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाचा आक्षेप असा की, गाठ हाताला लागेपर्यंत रोग ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर पडलेला असू शकतो आणि मग हाती फारसे काही उरत नाही. दोन्ही पक्षांत नामांकित शल्यविशारद होते. दोघांकडेही अनुभव होता. निर्णायक पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता.

कालांतराने शस्त्रक्रिया सौम्य झाली. नस, शीर आणि स्नायू वाचवून केवळ धोक्याच्या भागातील ग्रंथी काढता येऊ लागल्या. तरी वाद मिटेना. १९८९ मध्ये टाटा रुग्णालयातीलच डॉक्टरांनी जिभेच्या कर्करोगाच्या ७० रुग्णांवर दोन्ही पद्धती पडताळून पाहिल्या. आयुर्मानात ठोस फरक दिसला नाही. फ्रान्स, ब्राझील आणि हाँगकाँगमधील चाचण्याही सत्तर-पंचाहत्तर रुग्णांच्या आतबाहेरच्या होत्या आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नव्हते. १९९४ मध्ये अमेरिकेत मांडल्या गेलेल्या एका गणिताने, लपलेल्या रोगाची शक्यता वीस टक्क्यांहून अधिक असल्यास मानेची शस्त्रक्रिया करावी, असा ठोकताळा दिला. जगभर तो वापरला गेला, पण तो ठोकताळाच होता.

अखेर २००४ मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली टाटा रुग्णालयाने मोठी चाचणी हाती घेतली. लहान आकाराचा मुखकर्करोग असलेल्या आणि मानेत गाठ नसलेल्या रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या गेल्या. दुसऱ्या गटात केवळ तोंडाची शस्त्रक्रिया करून मानेवर लक्ष ठेवले गेले आणि गाठ उद्भवल्यास ती नंतर काढली गेली. दहा वर्षांत ५९६ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी पहिल्या ५०० जणांचे निष्कर्ष २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. आधीच मान शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. वाट पाहणाऱ्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. रोग न उलटता तीन वर्षे काढणारे पहिल्या गटात ६९.५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४५.९ टक्के निघाले. म्हणजे आठ जणांवर ही शस्त्रक्रिया आधीच केली तर एक मृत्यू टळतो. शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीचे प्रमाण पहिल्या गटात ६.६ टक्के आणि दुसऱ्यात ३.६ टक्के होते.

या यशात विकृतिशास्त्राचा वाटा लक्षात घेण्याजोगा आहे. कोणाच्या ग्रंथीत रोग लपला होता, हे ठरविले सूक्ष्मदर्शकाने. जिभेच्या पृष्ठभागावर व्रण किती रुंद आहे, यापेक्षा तो आत किती खोल गेला आहे याला महत्त्व आहे, हेही काचपट्टीवर मोजूनच कळले. तीन मिलिमीटरहून कमी खोलीच्या गाठीत आधी शस्त्रक्रिया करण्याचा लाभ स्पष्ट दिसला नाही. पुढे कर्करोगाच्या टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत या खोलीचा अधिकृत समावेश झाला. त्यानंतर फ्रान्स आणि जपानमधील चाचण्यांनी आणखी एक मार्ग दाखविला. रोग ज्या ग्रंथीत सर्वप्रथम पोचण्याचा संभव असतो तेवढीच शोधून तपासायची आणि ती निर्दोष असेल तर उरलेली मान तशीच सोडायची. मात्र त्यासाठी किरणोत्सारी द्रव्य, विशेष उपकरणे आणि ग्रंथीचे अनेक बारीक छेद तपासणारा निष्णात विकृतिशास्त्रज्ञ लागतो. अशी सोय मोजक्याच केंद्रांत असते.

महानगरापासून दूर राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने या निष्कर्षांचे मोल अधिक आहे. विदर्भातील वाशीम जिल्ह्याचेच उदाहरण घेता येईल. खानोलकरांच्या उमेदीच्या काळात अकोला जिल्ह्यात असलेले वाशीम १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने शेतीवर जगणारा. तंबाखू, चुना आणि सुपारी घोटून केलेला खर्रा विदर्भाच्या अंगवळणी पडलेला. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण बंदीने सवय सुटत नाही. येथून मुंबई पाचशे किलोमीटरहून दूर आहे. मोठ्या उपचारांसाठी अकोला, नागपूर किंवा मुंबई गाठायची, तर प्रत्येक खेपेला भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा खर्च आलाच.

मानेवर लक्ष ठेवण्याचा मार्ग कागदावर सोपा दिसतो. पण त्यात रुग्णाने आरंभी दर महिन्याला आणि नंतर ठरावीक अंतराने, दोन-तीन वर्षे न चुकता तपासणीला येणे गृहीत धरलेले असते. सोयाबीनची पेरणी तोंडावर आली, घरात लग्न निघाले किंवा हातात पैसा नसला की खेप चुकते. तोंडातला व्रण बरा झालेला असतो, दुखत काहीच नसते. मग कशाला जायचे, असे घरचेही म्हणतात. मधल्या काळात मानेतली गाठ वाढते. मुंबईतल्या चाचणीत कसोशीने पाठपुरावा होऊनही वाट पाहणाऱ्या गटाची इतकी हानी झाली. जिथे पाठपुरावाच तुटतो तिथे ती कमी होण्याचे कारण नाही. एकाच भूल आणि एकाच मुक्कामात तोंड व मान या दोन्हींचा उपचार उरकणे, हे अशा रुग्णासाठी म्हणूनच हिताचे ठरते. अर्थात हा निर्णय गाठीची खोली, जागा आणि रुग्णाची प्रकृती पाहून तज्ज्ञानेच घ्यायचा असतो. खांद्याचा अशक्तपणा, ओठाच्या कडेची तात्पुरती हालचाल मंदावणे, कानाभोवतीचा बधिरपणा हे संभाव्य परिणामही रुग्णाला आधी सांगायला हवेत. शस्त्रक्रियेनंतर खांद्याचे व्यायाम नेटाने केल्यास बहुतेकांचे हात कामाला लागतात.

या साऱ्याआधीची एक पायरी आहे आणि ती खानोलकरांनीच दाखविली होती. मुखकर्करोग डोळ्यांना दिसतो. आरसा आणि उजेड एवढ्यावर तो सुरुवातीलाच ओळखता येतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडू लागलेले तोंड, ही चिन्हे दिसताच डॉक्टरकडे गेले तर मानेचा प्रश्न पुष्कळदा लहान असतानाच सुटतो. तंबाखू-सुपारी तोंडात गेलीच नाही तर तो प्रश्न बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

खानोलकरांनी हजार रुग्णांची नोंद एकामागून एक तपासली, तेव्हा त्यांच्याकडे संगणक नव्हता की महागडी यंत्रे नव्हती. होती ती प्रत्येक रुग्ण हिशेबात धरण्याची शिस्त आणि मतापेक्षा पुराव्याला मान देण्याची वृत्ती. सत्तर वर्षांनी पाचशे रुग्णांच्या चाचणीने जगभरच्या शल्यविशारदांचा वाद निकाली काढला, तोही याच शिस्तीच्या बळावर. एखाद्या लहानशा गावातून आलेल्या रुग्णाला आज डॉक्टर मानेच्या शस्त्रक्रियेचा सल्ला देतात आणि त्याच्या जगण्याची शक्यता वाढते, तेव्हा त्या सल्ल्यामागे खानोलकरांनी परळच्या प्रयोगशाळेत सुरू केलेल्या नोंदवहीचाही वाटा असतो.